साताऱ्यात छतावरचं सोलर घेताना: कोटेशनच्या आधी वीजबिल वाचा

आधी निकाल सांगते, हिशेब मागून. शाहूपुरीतल्या आमच्या गच्चीवर दोन किलोवॅटचं सोलर बसलं, त्यावरून आता उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिन्ही ऋतू गेले. ज्यांनी बसवलं त्या कोरेगावकडच्या कंत्राटदारांना मी पाचापैकी चार गुण देईन. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. नाव दिसलं की लोक थेट फोन लावतात, आणि मला जे सांगायचंय ते फोन लावायच्या आधीचं आहे.

मी एका पतसंस्थेत कर्जविभागात काम करते. सोलरसाठी कर्ज मागायला माणसं येतात तेव्हा हातात कोटेशन असतं, वीजबिल नसतं. "मॅडम, तीन किलोवॅटचं घेऊ का पाचचं?" असं विचारतात. महिन्याला किती युनिट जळतात विचारलं तर "बिल तीन-साडेतीन हजार येतं" एवढंच सांगता येतं. बिलाची रक्कम कळून काहीच ठरत नाही. ते पैसे कोणत्या टप्प्यातल्या युनिटचे आहेत, यावर सोलरचं सगळं गणित उभं असतं.

त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो मला फार वेळा विचारला जातो. माझी नणंद बोरिवलीला असते. तिथे टाटा पॉवर आणि अदानी या दोघांकडेही वीज पुरवायचा परवाना आहे, त्यामुळे ग्राहक एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. ती सुट्टीला आली की गल्लीतल्या बायका हमखास विचारतात, "आपल्याकडं नाही का हो बदलता येत कंपनी?" नाही येत. साताऱ्यात घरगुती वीज देणारी महावितरण ही एकच कंपनी आहे. गडचिरोलीत जो घरगुती दर तोच साताऱ्यात, आणि तो कंपनी स्वतःच्या मनाने ठरवत नाही, महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. मोठ्या कारखान्यांना बाहेरून वीज घ्यायची मुभा आहे. हरित वीज असेल तर २०२२ च्या नियमांनुसार १०० किलोवॅट भारापासूनच्या ग्राहकांनाही आहे. आपल्या घरांचा मंजूर भार दोन-तीन किलोवॅट असतो, आपण त्यात बसत नाही.

यावर आमच्या शेजारचे काका दरवेळी म्हणतात, "अगं, कोयना आपल्या जिल्ह्यात, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आपल्या डोक्यावर, आणि आपल्यालाच वीज महाग?" त्यांचा राग मला समजतो. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे, आणि धरणासाठी गावं इथलीच उठली. पण ती वीज सगळ्या राज्याच्या जाळ्यात जाते. महावितरण औष्णिक, जल, पवन, सौर अशी सगळीकडून वीज घेते, त्या सगळ्या खरेदीचा खर्च एकत्र धरून आयोग दर काढतो, आणि कमी वापराच्या ग्राहकाला दिलेली सूट जास्त वापराच्या ग्राहकाकडून भरून घेतली जाते. धरणाजवळ राहण्याचा बिलाला उपयोग नाही. तेव्हा साताऱ्यातल्या माणसाला पुरवठादारांची तुलना करायची खरी संधी एकाच ठिकाणी मिळते, ती म्हणजे स्वतःच्या छतावर.

आता बिल. मी ठरवलं तेव्हा १ एप्रिल २०२४ पासूनचे दर चालू होते, म्हणून खालचा सगळा हिशेब त्या दरांचा आहे. जुलै २०२५ मध्ये आकडे बदलले, टप्पे तेच राहिले. तुम्ही तुमच्या ताज्या बिलावरचे आकडे घालून हीच मांडणी करा.

घरगुती दराचे चार टप्पे आहेत. पहिली १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि ५०० च्या वर. २०२४-२५ मध्ये वीज आकार अनुक्रमे ४ रुपये ७१ पैसे, १० रुपये २९ पैसे, १४ रुपये ५५ पैसे आणि १६ रुपये ६४ पैसे होता. त्यावर प्रत्येक युनिटला १ रुपया १७ पैसे वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणायचे पैसे. सिंगल फेजचा स्थिर आकार महिन्याला १२८ रुपये. कधी कधी इंधन समायोजन आकार, तो महिन्यागणिक बदलतो म्हणून मी हिशेबात धरत नाही. आणि या सगळ्याच्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. लोक हे शेवटचं विसरतात. १०१ वं युनिट दहा रुपये एकोणतीस पैशांना दिसतं, पण वहन आकार आणि वीज शुल्क धरून ते तुम्हाला १३ रुपये २९ पैशांना पडतं. ३०१ वं पडतं १८ रुपये २४ पैशांना.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळ्या युनिटना वरचा दर लागतो, असं आमच्या भागात पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. पहिली शंभर युनिट पहिल्याच दराने लागतात, वरच्या युनिटना तेवढा वरचा दर. म्हणून १०० युनिटचं बिल साधारण ८३१ रुपये होतं, २०० चं २,१६० आणि ३०० चं ३,४८९. युनिट तिप्पट झाली की बिल चौपटीच्याही पुढे जातं.

हे कळलं की सोलरकडे बघायची नजर बदलते. छतावर तयार झालेलं युनिट बिलातून वजा होतं ते वरच्या टोकाकडून. सगळ्यात आधी अठरा रुपयांची युनिट वाचतात, मग तेरा रुपयांची, आणि सगळ्यात शेवटी पहिल्या शंभरातली, शुल्क धरून पावणेसात-सात रुपयांची. म्हणजे पहिला किलोवॅट सगळ्यात जास्त कमावतो आणि शेवटचा सगळ्यात कमी. कोटेशन देणारे मात्र सगळे किलोवॅट एका भावाचे असल्यासारखे विकतात.

आमच्या घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. इंडक्शन, गिझर, जुना फ्रीज, पाण्याची मोटर, मुलीच्या खोलीत एसी. सोलरच्या आधी मी पंखे बदलले, आणि कोणालाही तेच आधी करायला सांगेन. जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, २८-३० वॅट. दिवसाला पंधरा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला एकवीस युनिट वाचतात. ती वरच्या टप्प्यातली असतील तर पावणेतीनशे ते पावणेचारशे रुपये. पंखा तीन हजारांच्या आसपास मिळतो. असा वापर आठ-अकरा महिने झाला की वसूल होतो, आणि त्यासाठी गच्चीला भोक पाडावं लागत नाही.

पंख्यांनंतर बारा महिन्यांची सरासरी काढली ती ३१० युनिट आली. बिलावर किंवा महावितरणच्या ॲपवर मागच्या महिन्यांचा वापर मिळतो, तिथून घ्या. एका मे महिन्याचं बिल पुढे करून कोटेशन मागवू नका. मे महिन्यावर मोजलेली सिस्टीम वर्षभरासाठी मोठीच निघते.

मग कोटेशन मागवली. शहरातल्या एका मोठ्या दुकानातून आलेला मुलगा गच्चीवर न जाता हॉलमध्येच बसला आणि म्हणाला, "मॅडम, पाच किलोवॅट घ्या, बिल झीरो." तीन लाख दहा हजार. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचं अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असं आहे, त्यापुढे कितीही मोठी सिस्टीम घ्या, ७८,००० च्या वर मिळत नाही. म्हणजे चौथ्या-पाचव्या किलोवॅटला अनुदान नाही आणि आमच्या घरात ती वीज खपायला जागाही नाही. उरलेली युनिट पुढच्या महिन्यात वळती होतात हे खरं, पण आर्थिक वर्षाच्या अखेरीला जी शिल्लक राहते तिचा मोबदला आपण वीज घेतो त्या दराने मिळत नाही, खूप कमी मिळतो. आणि बिल झीरो कधीच होत नाही. स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क राहतंच.

दुसरं कोटेशन फोनवरून, पुण्याच्या एका कंपनीचं. तीन किलोवॅट, १,४५,००० रुपये. सगळ्यांत स्वस्त. मी विचारलं, पॅनेल डीसीआर आहेत का? डीसीआर म्हणजे ज्यातले सेलसुद्धा भारतात बनलेत ते पॅनेल. अनुदान फक्त त्यांनाच मिळतं. समोरून उत्तर आलं, "मॅडम, क्वालिटी तीच असते." म्हणजे नाहीत. कोरेगावच्या कंत्राटदारांनी तीन किलोवॅटचे १,९२,००० सांगितले होते, डीसीआर पॅनेलसह. त्यातून ७८,००० गेले की राहतात १,१४,०००. ज्या कोटेशनला सगळे स्वस्त म्हणत होते ते एकतीस हजारांनी महाग होतं.

आता सगळ्यात महत्त्वाची तुलना, आणि ही एकाच विक्रेत्याच्या दोन कोटेशनमधली आहे. कोरेगावच्या दादांचा दोन किलोवॅटचा भाव १,४२,०००. अनुदान ६०,००० गेलं की ८२,०००. एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतो असं धरतात. दोन किलोवॅटचे झाले २४०. आमची ३१० युनिट उतरून ७० वर येतात. ३१० युनिटचं बिल होतं ३,६७२ रुपये, ७० चं ६२६. महिन्याला तीन हजारांवर बचत, वर्षाला साडेछत्तीस हजार.

तिसरा किलोवॅट घेतला तर? उरलेली ७० युनिट जातात, फक्त स्थिर आकाराचे दीडशे रुपये राहतात. म्हणजे महिन्याला आणखी ४७७ रुपये, वर्षाला पाच हजार सातशे. आणि त्यासाठी अनुदान वजा जाता ३२,००० जास्त मोजायचे. पहिले दोन किलोवॅट सव्वादोन वर्षांत पैसे परत करतात, तिसऱ्याला साडेपाच वर्षं लागतात.

दादा म्हणाले, "वहिनी, तीनच घ्या की. सरकार पूर्ण अनुदान देतंय, सोडायचं कशाला?" मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला, आणि "तुमच्या घराला दोनच बरोबर हाय" म्हणाले. ते वाक्य मला त्यांच्या कोटेशनपेक्षा मोलाचं वाटलं. काम त्यांनाच द्यायचं, हे मी तिथेच पक्कं केलं. ज्यांच्याकडे विजेवरची स्कूटर येणार आहे किंवा दुसरा एसी बसणार आहे, त्यांना तिसरा किलोवॅट शोभेल. आमच्याकडे दोन्ही नाही.

अजून एक. हे भाव तेव्हाच्या जीएसटीसकटचे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आज कुणी तुम्हाला माझ्याच भावाचं कोटेशन देत असेल तर तो फरक कुठे गेला हे विचारा.

कागदपत्रांत आमचं एक काम निघालं, ते बहुतेक जुन्या घरांत निघेल. वीजबिल अजून सासऱ्यांच्या नावावर होतं, ते जाऊन काही वर्षं झाली. अनुदान ज्याच्या नावावर वीजजोडणी त्याच्याच बँक खात्यात येतं, त्यामुळे योजनेच्या पोर्टलवर अर्ज करायच्या आधी नाव बदलणं भाग होतं. मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती आणि वारसांची संमती लावून जोडणी सासूबाईंच्या नावावर करून घेतली. त्यांच्या नावाचं पहिलं बिल आलं तेव्हा त्यांनी ते देवघरात नेऊन ठेवलं. तुमच्याकडेही बिल आजोबा-वडलांच्या नावावर असेल तर कोटेशन मागवायच्या आधी हे उरका. बाकी प्रक्रिया सोपी झाली आहे. दहा किलोवॅटपर्यंत आता तांत्रिक पाहणीसाठी थांबावं लागत नाही.

पैसे देण्याचे टप्पे लिहून घ्या. आम्ही वीस टक्के आधी, साठ टक्के माल गच्चीवर आल्यावर आणि उरलेले वीस टक्के नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, लागल्यावर, असं ठरवलं. "अनुदान आम्हीच वजा करून घेतो, तुम्ही उरलेलेच द्या" असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. अनुदान ग्राहकाच्या खात्यात येतं, विक्रेत्याच्या नाही. सिस्टीम चालू झाल्याची नोंद झाल्यानंतर ते सासूबाईंच्या खात्यात थेट जमा झालं.

आता काम कसं केलं ते. आमची गच्ची दक्षिणेकडून मोकळी आहे, पॅनेलचं तोंड अजिंक्यताऱ्याकडे. साताऱ्याचा अक्षांश साडेसतरा-अठराच्या दरम्यान, त्यामुळे कलही साधारण तेवढाच ठेवला. संध्याकाळी यवतेश्वराच्या डोंगराआड सूर्य लवकर उतरतो, तेवढी वीज जाते. माची पेठेत, किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी हिवाळ्यात सकाळी आणि दुपारनंतर गच्चीवर कुठे सावली पडते हे स्वतः बघावं. विक्रेता उन्हाळ्यात दुपारी बाराला येऊन "सावली नाही" म्हणतो, त्यावर जाऊ नये. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पाण्याच्या टाकीची सावली पडली तरी उत्पादन त्या कोपऱ्यापेक्षा बरंच जास्त घटतं.

सासूबाईंची अट एकच होती, वाळवणाची जागा जाता कामा नये. कुरडया-पापड-सांडगे गच्चीवरच होणार. म्हणून स्ट्रक्चर डोक्याच्या वर घेतलं, खालून माणूस सहज फिरेल असं. त्याचे चौदा हजार जास्त. ते धरून अनुदानानंतरचा आमचा खर्च ९६,०००. हा पैसा मी मुदत ठेव मोडून घातला. सात टक्क्यांनी त्यावर वर्षाला ६,७२० रुपये व्याज आलं असतं, इथे वाचतात साडेछत्तीस हजार. ज्यांच्याकडे ठेव नाही त्यांच्यासाठी राष्ट्रीयीकृत बँका या योजनेत कमी व्याजाने कर्ज देतात. मी पतसंस्थेत काम करते तरी सांगते, आधी तिथे विचारा, आमच्यासारख्यांचा व्याजदर जास्त असतो.

उंच स्ट्रक्चर म्हणजे वाऱ्याची भीती. आषाढातला आपल्याकडचा वारा सगळ्यांना माहीत आहे. दादांनी स्लॅबला भोकं पाडण्याऐवजी खांबांसाठी काँक्रीटचे ठोकळे ओतले, ठोकळ्यांच्या बुडाशी वॉटरप्रूफिंग केलं. लोखंड हॉट डिप गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेलं, थर ८० मायक्रॉनचा. दोन पावसाळी महिने मी रोज छताला ओल येते का बघत होते. नाही आली. पॅनेल ५४० वॅटचे चार, आणि पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा इन्व्हर्टर दोन किलोवॅटचा. प्रत्येक पॅनेलच्या मागचा सीरियल नंबर मी डीसीआर प्रमाणपत्राशी जुळवून घेतला आणि फोटो काढून ठेवला. पॅनेलवर उत्पादनाची हमी पंचवीस वर्षांची असते, पण इन्व्हर्टरची वेगळी आणि कमी असते. सगळ्यात आधी खर्च काढणारा भाग तोच, तेव्हा त्याची हमी किती वर्षांची हे कोटेशनवर लिहून मागा.

एक गुण का कापला, तेही सांगते. एका ठिकाणी माप चुकलं म्हणून त्यांच्या पोरांनी गच्चीवरच वेल्डिंग केलं. गॅल्वनाइज्ड लोखंडावर वेल्डिंग केलं की तिथला जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. सांगितल्यावर त्यांनी झिंकचा स्प्रे मारला, पण ते मुळात व्हायला नको होतं. दुसरं, अर्थिंग. पॅनेलकडच्या डीसी बाजूचं, घराकडच्या एसी बाजूचं आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या तडितरोधकाचं अशी तीन वेगळी अर्थिंग लागतात. खड्डे दोनच खणायला घेतले होते, तिसरा मी उभं राहून खणून घेतला. साताऱ्यात वळवाच्या पावसात विजा कशा पडतात ते बघितलेल्या माणसाने यात तडजोड करू नये. बाकी माणसं वेळेवर आली, गच्ची झाडून गेली, आणि मोबाइलवर उत्पादन कसं बघायचं ते सासूबाईंनासुद्धा शिकवून गेली. पाच वर्षांची देखभाल करारात आहे, आणि पावसाळ्यानंतर बोल्ट आवळायला ते न बोलावता आले.

उत्पादनाचं म्हणाल तर सगळ्यात चांगले महिने फेब्रुवारी-मार्च, दिवसाला नऊ-दहा युनिट. एप्रिल-मेमध्ये ऊन जास्त असूनही थोडं कमी, कारण पॅनेल तापलं की वीज कमी देतं. जुलै-ऑगस्टमध्ये कासकडून ढग उतरले की दिवसभरात दोन युनिटसुद्धा कशीबशी. त्या महिन्यांत बिल पुन्हा शंभर युनिटच्या वर जातं. हे आधी माहीत नसलेली माणसं श्रावणात विक्रेत्याशी भांडतात. वर्षाची बेरीज बघायची, महिन्याची नाही. पॅनेल सकाळी लवकर, थंड असताना साध्या पाण्याने धुवायचे. बोअरचं जड पाणी असेल तर पुसून घ्यायचं, नाहीतर क्षाराचा पांढरा थर बसतो.

आणि हे प्रत्येकाला ठासून सांगायला हवं: लाइट गेली की हे सोलर बंद पडतं. भर दुपारी ऊन असलं तरीही. इन्व्हर्टर मुद्दामच तसा बनवलेला असतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला वाटतं लाइन बंद आहे, आणि आपल्या छतावरून त्यात वीज गेली तर त्याचा जीव जाईल. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरीची हायब्रिड सिस्टीम लागते, तिचा खर्च वेगळा आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. आमच्याकडे लाइट गेल्यावर चालणारा आधीचा छोटा बॅटरीचा इन्व्हर्टर आहे, तोच चालू ठेवला.

आमचं बघून खालच्या घरातल्या काकू आल्या. एकट्याच राहतात, पेन्शनवर. "मला पण बसवून दे गं, तुझ्याच माणसाकडनं." मी त्यांचं बिल मागितलं. महिन्याला ९० युनिट. सगळी पहिल्या टप्प्यातली, शुल्क धरून युनिटला सहा रुपये ऐंशी पैसे. एक किलोवॅटची सिस्टीम त्यांना अनुदान जाऊन पंचेचाळीस हजारांना पडली असती, आणि वाचले असते महिन्याला सहाशे-सव्वासहाशे. सहा वर्षांचा हिशेब. मी त्यांना म्हटलं, "काकू, तुम्ही आत्ता नका घेऊ. बिल ई-मेलवर घ्या, दहा रुपये सूट मिळते. लवकर भरलं तर एक टक्का आणखी. वेळेप्रमाणे वापर मोजणारा नवा मीटर लागला तर जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या वापरावर युनिटमागे ऐंशी पैशांपासून सवलत आहे, मोटर आणि इस्त्री तेव्हा लावा. आणि हॉलमधला तो जुना पंखा बदला." त्या थोड्या हिरमुसल्या, पण पंखा त्यांनी पुढच्याच आठवड्यात बदलला. आता पावसाळ्यात त्यांचं बिल सत्तर युनिटच्या आत येतं.